धुऱ्यावरची पेटी रिकामी का राहते?

२० मार्च हा जागतिक चिमणी दिवस, २०१० पासून पाळतात, आणि त्याच्या आसपास आपल्याकडं शाळेत, ग्रामपंचायतीत, कृषी प्रदर्शनात घरट्याच्या लाकडी पेट्या वाटल्या जातात. काम चांगलंच आहे. पण त्यातल्या बऱ्याच पेट्या आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या निवाऱ्याच्या, पत्र्याखाली नाहीतर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुलिंबाला टांगल्या जातात आणि वर्षभर तशाच राहतात, मग कोणी म्हणतं पाखरंच राहिली नाहीत, कोणी म्हणतं हे पेटी-बिटी सगळं फोटोपुरतं. दोन्ही गोष्टी घाईनं बोललेल्या आहेत. पाखरू पेटीत शिरायच्या आधी काय काय तपासतं हे कळलं तर रिकाम्या पेटीवरूनसुद्धा आपल्या रानाबद्दल बरंच समजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे, की सगळी पाखरं पेटीत राहत नाहीत आणि राहणारही नाहीत. सुगरण स्वतःचा खोपा विणते, होला चार काड्या फांदीवर टाकून मोकळा होतो, कोतवाल फांदीच्या बेचक्यात वाटीसारखं घरटं करतो, टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, वेडा राघू ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. यांच्यासाठी हजार पेट्या लावल्या तरी उपयोग नाही. पेटी फक्त ढोलीत राहणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांना अंधारी, सगळीकडून बंद आणि एकच तोंड असलेली जागा लागते त्यांच्यासाठी. आपल्या शिवारात असे कोण? चिमणी, पिवळ्या गळ्याची रानचिमणी, साळुंकी, भांगपाडी मैना, दयाळ, राखी वल्गुली, हुदहुद, नीलपंख, पोपट, पिंगळा आणि गव्हाणी घुबड. यादी लहान वाटते, पण एक पोपट सोडला तर यातले जवळपास सगळे एकतर पिल्लांना अळ्या-किडे भरवणारे नाहीतर उंदीर मारणारे आहेत.

आता यातल्या बहुतेकांना स्वतः भोक पाडताच येत नाही, चोच तशी नसते. भोक पाडणारे कारागीर वेगळे, सुतार पक्षी आणि तांबट. आपल्या बाभळीच्या रानात दिसणाऱ्या एका सुताराचं तर नावच मराठा सुतार आहे. हे वाळलेल्या किंवा आतून मऊ पडलेल्या फांदीत भोक कोरतात, त्यात एक वीण काढतात आणि पुढच्या वेळी बहुतेक करून नवीन कोरतात, जुनं भोक मग चिमणी, वल्गुली, साळुंकी, जे बसेल त्याच्या वाट्याला येतं. दुसरा प्रकार म्हणजे वाऱ्यानं मोठी फांदी मोडते, त्या जागी पाणी मुरतं, लाकूड कुजत जातं आणि पंचवीस-तीस-पन्नास वर्षांत चिंचेला, आंब्याला, लिंबाला मोठी ढोली पडते. पिंगळा, पोपट, घुबड यांना ही मोठी ढोली लागते. म्हणजे ढोली तयार व्हायला एकतर म्हातारं झाड पाहिजे नाहीतर वाळकी फांदी पाहिजे, आणि आपण शेतात सगळ्यात आधी तोडतो ती नेमकी ही दोन.

मराठवाड्यात जंगल आधीच फार थोडं, त्यामुळं ढोलीतल्या पाखरांची सगळी भिस्त धुऱ्यावरच्या झाडांवर, दगडी विहिरींवर, बारवांवर आणि जुन्या घरांवर होती. धुरे जेसीबीनं साफ झाले, भावाभावात वाटण्या होऊन बांध निमुळते झाले, चिंचा विकल्या गेल्या. विहिरीच्या दगडी बांधकामातल्या फटीत चिमण्या-साळुंक्यांची वस्ती असायची, आता बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या रिंगा नाहीतर बोअर. आणि माळवदाची, मातीच्या सपाट छताची घरं! जाड भिंती, लाकडी खण, तुळईच्या टोकाशी राहिलेली फट, देवळ्या, कोनाडे, त्यात चिमणीला जागा शोधावी लागत नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली ५२ गावं पूर्ण नव्यानं वसवली गेली, दगडमातीच्या घरांची माणसांना भीती बसली आणि ती बसणं साहजिकच होतं, माणसाचा जीव आधी. पण स्लॅबच्या गुळगुळीत भिंतीत चिमणीला भोक मिळत नाही हेही तितकंच खरं.

तर पेटी इथं कामाला येते. ती ढोलीची टंचाई भरून काढते. फक्त तेवढीच भरते, आणि सगळा घोळ इथंच होतो. पाखराला वीण काढायला तीन गोष्टी लागतात: भोक, पिल्लांना चारा, आणि जीव सुरक्षित राहील अशी जागा. रानात भोकंच कमी असतील आणि बाकी दोन असतील तर पेटी लावल्यावर वर्ष-दोन वर्षात फरक दिसतो. बाकी दोन नसतील तर सागवानी पेटी लावा, आतून गादी घाला, काही होत नाही.

माणसानं पाखरांना घर देणं ही कल्पना काही नवी नाही. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी सुकवलेले भोपळे पोखरून खांबाला टांगायचे, त्यात जांभळ्या रंगाची एक पाकोळीसारखी पाखरं राहायची, आणि आज त्या खंडाच्या पूर्व भागात ती जात जवळपास पूर्णपणे माणसानं दिलेल्या घरांवरच जगते, झाडाच्या ढोलीत जाणं जणू सोडूनच दिलंय तिनं. युरोपात, विशेषतः नेदरलँड्सच्या भागात, काही शतकांपूर्वी भिंतीवर मातीची मडकी लावायचे, पण तिथला हेतू वेगळा होता, चिमण्यांची आणि साळुंकीच्या तिकडच्या भावंडांची पिल्लं मोठी झाली की काढून खायची. पिकाच्या राखणीसाठी म्हणून पद्धतशीर पेट्या लावण्याचं काम जर्मनीत हान्स फॉन बर्लेप्श नावाच्या जमीनदारानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठ्या प्रमाणावर केलं, त्यानं सुताराची खरी ढोली कापून, मोजून तशाच ढोल्या लाकडात कोरून घेतल्या. हा माणूस मला फार आवडतो, कारण त्यानं आधी पाखराला काय लागतं ते बघितलं आणि मग सुतारकाम सुरू केलं.

आता पाखरू पेटी कशी निवडतं ते बघा. चिमणीचं घेतलं तर जागा शोधण्याचं काम चिमण्याचं. त्याला एखादं भोक पसंत पडलं की तो तोंडाशी बसून दिवसभर ओरडत राहतो, ते चिवचिवणं म्हणजे जागा माझी आहे आणि जोडीदारीण पाहिजे अशी दवंडी असते. चिमणी येते, आत जाते, बाहेर येते, परत जाते. तिला पटलं तर दोघं मिळून गवत, सुतळीचे धागे, पिसं आणून भरायला लागतात. तीन ते पाच अंडी, बारा-तेरा दिवस उबवणं, पुढं पंधरा दिवसात पिल्लं बाहेर. साळुंकीची जोडी मात्र अंडी घालायच्या खूप आधीपासून भोकावर हक्क सांगत बसते, दुसरं कोणी फिरकू देत नाही, आणि आत वाट्टेल ते भरते, प्लास्टिक, चिंध्या, सापाची कातसुद्धा. पिंगळा आणि घुबड काहीच आणत नाहीत. त्यामुळं त्यांच्या पेटीत आपणच लाकडाचा जाड भुसा टाकायचा, नाहीतर गुळगुळीत प्लायवर अंडी गडगडतात.

भोकाचं माप ही पेटीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बाकी पेटी ओबडधोबड असली तरी चालते. सव्वा इंच गोल भोक म्हणजे चिमणी, रानचिमणी आणि वल्गुली आत, साळुंकी बाहेर. दोन इंच केलं की साळुंकी शिरणार आणि एकदा साळुंकी शिरली की चिमणीला विसरा, ती कितीतरी दांडगी. बाजारातल्या कितीतरी पेट्यांना दिसायला बरं म्हणून अडीच इंची भोक पाडलेलं असतं आणि वर नाव चिमणीचं घर, मग तिथं साळुंकी नाहीतर खार राहते आणि लोकांना वाटतं चिमण्या संपल्या. हुदहुदला सव्वादोन-अडीच इंच, पिंगळ्याला तीन इंच, गव्हाणी घुबडाला पाच-सहा इंच. दयाळला उलट उघडी जागा आवडते, पुढची फळी अर्धीच ठेवलेली पेटी त्याला बरी पडते. चिमणीच्या पेटीचा तळ पाच बाय पाच इंच पुरतो, पण भोकापासून तळ सहा इंच तरी खोल पाहिजे म्हणजे मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लापर्यंत पोचत नाही. भोकाखाली बसायला काडी ठोकतात ना, ती ठोकू नका. ढोलीतल्या पाखराला तिची गरज नसते, तिचा फायदा होतो तो वाट बघत बसणाऱ्या कावळ्याला. आतली पुढची फळी मात्र खरखरीत ठेवा, करवतीनं आडव्या रेघा मारा, पिल्लं त्यावर पाय रोवूनच वर चढतात.

आणि आता उन्हाचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण पेटीची मापं, नकाशे, सल्ले सगळे थंड देशातून आलेले आहेत आणि तिथली काळजी पिल्लू गारठू नये ही असते. आपल्याकडं परभणी-नांदेडला एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४४ वर जातो. अंड्यातलं पिल्लू नीट वाढायला साधारण ३६ ते ३८ अंश लागतात, आणि ४०-४१ च्या वर काही वेळ राहिलं तर ते आतच मरतं. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडं पाखरू अंडी ऊब देण्यासाठी नाही तर ती तापू नयेत म्हणून त्यावर बसतं. झाडाची खरी ढोली या बाबतीत फार चांगली असते, चहूबाजूंनी जाड जिवंत ओलसर लाकूड, त्यामुळं दुपारी आत बाहेरपेक्षा थंड आणि पहाटे बाहेरपेक्षा उबदार. अर्ध्या इंची प्लायची पेटी उन्हात टांगली की आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही वर जातं. माळवदात झोपणं आणि पत्र्याच्या खोलीत झोपणं यात जो फरक आहे तोच फरक. पत्र्याचे डबे, प्लास्टिकच्या बरण्या, पीव्हीसी पाइपचे तुकडे लोक हौसेनं टांगतात, कृपा करून उन्हात टांगू नका, त्यात पिल्लं अक्षरशः शिजतात. ती भोकातून तोंड बाहेर काढून चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसली तर समजायचं की आत राहवत नाहीये, आणि अशा वेळी पूर्ण वाढ न होताच ती खाली उडी टाकतात.

उपाय साधे आहेत. लाकूड जाड घ्या, पाऊण इंच तरी. बाहेरून चुना किंवा पांढरा रंग द्या, आतून काहीच लावू नका. छपराला दुहेरी फळी ठेवून मधे बोटभर फट ठेवा, छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी बारीक भोकं पाडा, तळाला पाणी निघून जायला चार भोकं. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला करा, म्हणजे दुपारचं पश्चिमेचं ऊनही लागत नाही आणि जून-जुलैचा नैऋत्येकडून येणारा पाऊसही आत शिरत नाही, एका दगडात दोन कामं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दाट सावलीचं झाड, लिंब, चिंच, आंबा, वड. पानगळ होऊन मार्चमध्ये उघडं पडणारं झाड नको. कुंभाराकडून मडकं करून घेतलं तर आणखी बरं, माती ओली असतानाच बाजूला सव्वा इंची भोक पाडून घ्यायचं, बुडाला एक बारीक छिद्र, आणि वरचं तोंड परळानं पक्कं बंद. मडकं चिमणीला मनापासून आवडतं आणि आखाड्याच्या सावलीच्या भिंतीला ते वर्षानुवर्षं टिकतं.

चाऱ्याचं बघू. चिमणी दाणे खाते हे आपण बघतो, पण तिची पिल्लं पहिल्या दिवसात दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना मऊ अळ्या, मावा, नाकतोडे, कोळी असलं लागतं, प्रथिनं लागतात. वल्गुलीची पिल्लं तर जवळपास पूर्ण अळ्यांवर. म्हणून पेट्यांचा शेतीला फायदा होतो का हा प्रश्न बाहेरच्या देशात नीट मोजून बघितला गेलाय. नेदरलँड्सच्या सफरचंद बागांमध्ये आपल्या वल्गुलीच्या सख्ख्या भावंडासाठी पेट्या लावल्या, २००२ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले, पाखरं जिथं अळ्या वेचत होती तिथं झाडामागं ७.८ किलो फळ निघालं आणि जिथं पाखरांना येऊ दिलं नाही तिथं ४.७ किलो. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागेत निळ्या रंगाच्या एका किडेखाऊ पाखरासाठी पेट्या लावून, मुद्दाम अळ्या टाचून ठेवून किती उचलल्या जातात ते मोजलं, पेट्या असलेल्या भागात २.४ पट जास्त उचलल्या आणि चालू घरट्याच्या अगदी जवळ साडेतीन पट. आमच्या जालन्याकडच्या कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात किंवा तुळजापूर भागात हा प्रयोग कोणी मनावर घेतला तर मला फार आनंद होईल.

पण यातून पेटी लावली की फवारणी बंद असा अर्थ कोणी काढू नका. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिथं चिमणी काय करणार. चक्री भुंग्याची अळी सोयाबीनच्या खोडात. पाखरांचं काम उघड्यावर फिरणाऱ्या अळीवर, म्हणजे सोयाबीनची उंट अळी, हरभऱ्याची घाटेअळी पानावर-घाट्यावर असताना, तंबाखूची अळी लहान असताना. आणि पाखरं कीड वाढू देत नाहीत, पण उद्रेक झाल्यावर तो आटोक्यात आणणं त्यांच्या हाताबाहेरचं आहे. कृषी विद्यापीठवाले पक्षी थांबे लावा म्हणून सांगतात, हरभऱ्यात थोडी ज्वारी टाका म्हणतात, ते कोतवाल-नीलपंख-साळुंकीला बसायला जागा मिळावी म्हणून. थांब्यावर पाखरू येतं आणि जातं. पेटीत पिल्लं असली की तेच पाखरू दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याच दोन-तीन एकरात फिरत राहतं, कारण लांब जाणं त्याला परवडत नाही. थांबे आणि पेट्या एकमेकाला पूरक आहेत, एकाच्या जागी दुसरं नाही. ज्वारी हुरड्यात आल्यावर चिमण्या आणि पोपट दाणे खातात हेही नाकारायचं कारण नाही, ज्याचं सगळं रान ज्वारीचं त्यानं पेट्या ज्वारीच्या वावरापासून लांब, आखाड्याकडं लावाव्यात.

आता सगळ्यात दुखरी बाजू. सोयाबीन-कपाशीवर फवारण्यांचा काळ जुलै ते सप्टेंबर, आणि पावसाळ्यात किडे वाढतात म्हणून साळुंकीची, चिमणीची वीणही त्या दिवसात चालू असते. पेटीत चार पिल्लं आहेत, आईबाप दर काही मिनिटांनी अळी आणताहेत, आणि त्याच दिवशी त्याच ओळींवर औषध पडलं. एकतर विषारी अळी पिल्लाच्या पोटात जाते, नाहीतर अळ्याच संपतात आणि पिल्लं उपाशी मरतात. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पाखरांना किती घातक आहे हे जगाला अर्जेंटिनात कळलं, १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांसाठी ते फवारलं आणि नाकतोडे खायला आलेली शिकारी पाखरं हजारोंनी मेली. औषध लावलेलं बियाणं पेरणीनंतर वर उघडं राहिलं तर तेही पाखरं टिपतात. म्हणून चुकीच्या जागची पेटी ही पेटी नसण्यापेक्षा वाईट, कारण आपण पाखराला बोलावून त्या जागी बांधून घालतो. पेटीच्या आजूबाजूच्या आठ-दहा ओळी तरी पिल्लं उडेपर्यंत सोडा, बियाणं मातीत नीट झाकलं जाईल हे बघा, आणि गरज नसताना तारखेप्रमाणं फवारणी करू नका. हे मी कळकळीनं सांगतोय.

घुबडाचा विषय स्वतंत्र आहे आणि माझ्या मते मराठवाड्यात पेटीचा सगळ्यात मोठा उपयोग इथंच आहे. गव्हाणी घुबड, पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचं, जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, विहिरीत राहणारं. त्याचा तो पसरट चेहरा आवाज गोळा करण्यासाठी असतो, आणि दोन्ही कान एका पातळीत नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली, त्यामुळं आवाज डावी-उजवीकडून येतोय एवढंच कळत नाही तर किती खालून येतोय हेही कळतं. पूर्ण अंधाऱ्या खोलीत फक्त खसखस ऐकून ते उंदीर पकडतं हे प्रयोगानं सिद्ध झालेलं आहे. खाणं जवळपास सगळं उंदीर, थोड्या चिचुंद्र्या. पिल्लं वाढवणारी एक जोडी वर्षाला हजारावर उंदीर सहज नेते. अंडी चार ते सात, पण मादी एक-दोन दिवसाआड एकेक घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळं पिल्लं मागंपुढं निघतात, एकाच पेटीत मोठ्यापासून लहानापर्यंत जिनाच लागलेला. उंदीर भरपूर असले तर सगळी जगतात, कमी असले तर धाकटी मरतात. म्हणजे किती पिल्लं उडाली यावरून त्या वर्षीच्या उंदरांचाही अंदाज येतो.

मलेशियात पामतेलाच्या मळ्यांमध्ये घुबडांच्या पेट्या कितीतरी वर्षांपासून लावतात, साधारण पाच-दहा हेक्टरला एक. इस्रायलमध्ये १९८३ ला सदे एलियाहू नावाच्या सामुदायिक शेतावर सुरुवात झाली, आज तिथं देशभर हजारो पेट्या आहेत, आणि पुढं जॉर्डनचे आणि पॅलेस्टिनी शेतकरीही त्यात आले, एकमेकांशी वैर असलेली माणसं उंदरांपायी एका कामाला लागली. आपल्या काळ्या रानात जो मऊ केसांचा शेतउंदीर असतो त्याच्या शास्त्रीय नावात मिलार्ड हे नाव आहे, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यावरून. सलीम अली पोरवयात एक पाखरू मारून ते कुठलं म्हणून विचारायला ज्यांच्याकडं गेले ते हेच, आणि ते पाखरू होतं वर सांगितलेली पिवळ्या गळ्याची, ढोलीत राहणारी रानचिमणी. विषयाशी फार संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

घुबडाची पेटी मोठी लागते, तळ दीड बाय दोन फूट, उंची दीड फूट, आणि जमिनीपासून पंधरा-वीस फूट वर. सरळ उडत येता येईल अशी मोकळी जागा समोर. झाड नसेल तर लोखंडी खांब, पण मग सावलीसाठी दुहेरी छप्पर हवंच. चिमण्यांच्या पेट्यांपासून लांब ठेवा, पिंगळा आणि घुबड दोघंही चिमणी उचलतात. आणि उंदराचं औषध. ब्रोमाडिओलोनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधानं उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस अंगात विष घेऊन सुस्त फिरतो, घुबडाला तोच आधी सापडतो आणि मग घुबडही मरतं. पेटी आणि ते औषध एका शिवारात चालणार नाही, दोन्हीतलं एक निवडावं लागेल. घुबड अपशकुनी म्हणणारे आजही आहेत आणि दिवाळीच्या आसपास त्याला पकडून विकणारेही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबडाला मारणं, पकडणं, विकणं गुन्हा आहे. पेटी कुठं आहे याचा गाजावाजा करू नका, पिल्लांचे फोटो ठिकाणासकट टाकू नका.

नीलपंखाबद्दलही दोन शब्द, कारण त्याची अवस्था बरी नाही. दसऱ्याला दिसला की शुभ मानतात, नांदेडच्या पलीकडं तेलंगणाचा तर तो राज्यपक्षी. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स या देशातल्या पाखरांवरच्या २०२३ च्या अहवालात ज्यांची संख्या बरीच घटली म्हणून धोक्याच्या यादीसाठी पुन्हा तपासा असं सांगितलंय त्यात तो आहे. चिमणी त्यामानानं बरी, २०२० च्या अहवालात ती देशपातळीवर स्थिर दिसली, मोठ्या शहरातून मात्र कमी झाली. तरी पेट्या सगळ्या चिमणीच्या नावानं. नीलपंखाच्या युरोपातल्या भावंडाला स्पेन आणि हंगेरीत पेट्यांनी मोठा आधार मिळालाय, आपल्याकडं त्याच्यासाठी अडीच-तीन इंची भोकाची, उंच, एकाकी झाडावरची पेटी करून बघायला काय हरकत आहे?

पेटीत पाखरूच येईल असं नाही. खार कापूस भरून राहते, सातेरी मधमाश्या पोळं करतात, गांधीलमाश्या, पाली, कधी धामण. घाबरायचं नाही, त्यांनाही ढोलीच हवी होती. मुंग्या मात्र नव्या पिल्लांना मारतात, खोडाला ग्रीस किंवा चुन्याचा पट्टा लावा. मांजर, घोरपड, साप चढू नये म्हणून खोडाभोवती दोन-अडीच फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. भारद्वाज अंडी-पिल्लं खातो, त्याला अडवायला भोकाचं योग्य माप हाच उपाय.

माणसाचा हात लागला की पाखरू पिल्लू टाकून देतं असं म्हणतात, वासामुळं तसं काही होत नाही. पण अंडी घालायच्या किंवा उबवायच्या दिवसात सारखं उघडून बघितलं तर ते खरंच सोडून जातं, आणि उडायला दोन-चार दिवस उरले असताना पेटी उघडली तर पिल्लं घाबरून अर्धवट पंखांनीच बाहेर पडतात. लांबून बघा. आईबाप चोचीत काही घेऊन येताहेत का, परत जाताना पांढरी पिशवीसारखी विष्ठा बाहेर नेताहेत का, एवढ्यावरून आत सगळं ठीक आहे हे कळतं. हुदहुदची पेटी तर जवळ गेल्यावर नाकालाच कळते, मादी आणि पिल्लांच्या अंगातून मुद्दामच घाण वासाचा स्राव निघतो, त्यानं शत्रू लांब राहतो.

मग रिकामी पेटी. वर्षभर कोणी आलं नाही तर घाई करू नका, पहिलं वर्ष बरीच पाखरं नुसती बघून जातात. दुसऱ्या वर्षीही रिकामी तर आधी भोकाचं माप बघा, मग दुपारी तीन वाजता तिथं जाऊन ऊन कुठून येतं ते बघा, मग खाली मांजर बसतं का ते बघा. कोणी गवत आणून भरलंय पण अंडी नाहीत, तर बहुतेक त्रास झाला नाहीतर जोडीतलं एक मेलं. अंडी आहेत पण फुटली नाहीत, उन्हाचा संशय घ्या. पिल्लं वाळून मेलेली सापडली तर चारा संपला किंवा औषध गेलं, त्या आठवड्यात आपण किंवा शेजाऱ्यानं काय फवारलं ते आठवा. आणि आजूबाजूला साळुंक्या-चिमण्या भरपूर आहेत, तरी पेटीत कोणी येत नाही, तर आनंदच माना, त्यांना आधीच कुठंतरी खरी ढोली मिळालेली आहे. ती कुठल्या झाडात आहे ते शोधा आणि ते झाड, त्याच्या वाळक्या फांदीसकट, तोडू देऊ नका.

पिंगळा आणि पोपट थंडीतच जागा बघायला लागतात आणि बाकीची लहान पाखरंही थंडीच्या रात्री झोपायला पेटी वापरतात, म्हणून जुन्या पेट्यांमधला कचरा पावसाळा संपल्यावर, आत कोणी नाही याची खात्री करून, काढून टाका, गोचीड-पिसवा असतील तर उकळत्या पाण्यानं धुवून उन्हात वाळवा, नुसतं पाणीच, औषध नको, आणि दिवाळी झाली की लगेच परत टांगा. नव्या पेट्यांनाही तोच मुहूर्त. २० मार्चपर्यंत थांबलात तर पिंगळा-पोपटासारख्यांची वीण तोवर सुरू होऊन गेलेली असते.